नवे गुडघे

नवरा गेल्यावर रत्नागिरीच्या विमलताई खानोलकरांनी अंथरूण धरलं. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. अखेर मुलीने त्यांना समुपदेशक बाईंकडे नेलं आणि ताई हळूहळू माणसांत आल्या. पण ज्येष्ठ नागरिक संघाने ज्या कंपनीकडे सगळ्यांचा आरोग्यविमा उतरवला होता, तिने या उपचाराचा खर्च नाकारला.

संघाच्या सभेला कंपनीचे मोठे साहेब धारप आले, तेव्हा विमलताईंनी उभं राहून कारण विचारलं.

धारप हसले. "आजी, या वयात मन उदास व्हायचंच. कंपनी आजाराचे पैसे देते, वयाचे नाही."

असलं उत्तर सभेतल्या बहुतेकांनी घरीही ऐकलं होतं.

"माझे गुडघे बदलले, त्याचे पैसे तुम्हीच दिलेत," विमलताई म्हणाल्या. "ते काय तरुणपणी झिजले होते?"

"ते वेगळं. त्याशिवाय तुम्हाला उभं राहता येत नव्हतं."

"आणि हे गेल्यावर मला उभं राहावंसंच वाटेना, साहेब. तुमचे ते महागाचे गुडघे नुसते अंथरुणात पडून होते. त्यांच्यावर मला उभं केलं ते त्या बाईंनी."

धारपांचं हसू मावळलं. खाली बघत ते म्हणाले, "तुमचा अर्ज पुन्हा पाठवा."

पुढच्या वर्षीपासून संघाच्या विम्यात समुपदेशनाचा खर्च धरला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सभेत कधी तोंड न उघडणारे बेहेरेकाका विमलताईंच्या दारात आले आणि त्यांनी हलक्या आवाजात त्या बाईंचा पत्ता विचारला.