खांद्यावर निघालेले घर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जहाजांना वाऱ्याशिवाय दुसरा धनी नव्हता.

पूर्वेकडच्या समुद्रात सुलावेसी नावाचे बेट आहे. त्या बेटावरच्या एका गजबजलेल्या बंदरात बासो नावाचा व्यापारी राहत असे. लवंग आणि जायफळ विकून त्याने चांगली माया जमवली होती. पण वखारीतल्या आरडाओरड्याने त्याचे डोके उठे, आणि धूळ खाऊन खाऊन तो कंटाळला होता.

एकदा प्रवासात त्याचे जहाज गोडे पाणी भरून घ्यायला एका लहानशा कोळीगावाशी थांबले. बासो किनाऱ्यावर उतरला आणि बघतच राहिला. नारळींच्या सावलीत उंच खांबांवर उभी असलेली लाकडी घरे. वर माणसे, खाली कोंबड्या. नदी समुद्राला मिळत होती तिथे पांढऱ्या वाळूची एक लांब जीभ पाण्यात शिरली होती. तिच्या टोकावर उभे राहिले, की तिन्ही बाजूंना निळेशार पाणी.

"बस्स!" बासो स्वतःशीच म्हणाला. "राहायचं तर इथेच. मोठं घर बांधू. थोडं आपल्याला, बाकीचं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना. हा देखावा बघायला लोक लांबलांबून येतील."

गावाचा कारभार एक म्हातारी बाई पाही. सगळे तिला इंदो बुंगा म्हणत. तिथल्या बोलीत इंदो म्हणजे आई.

"बांध की घर," ती बासोला म्हणाली. "माणूस वाढला तर गावाला आनंदच आहे. पण आधी आमच्यात राहा. पूर्वेचा वारा बघ, पश्चिमेचा वारा बघ. मग जागा निवड."

"इंदो, मी पुष्कळ बंदरं पाहिली आहेत. जागेची पारख मला आहे. मला ती वाळू हवी."

"ती वाळू आमची नाही रे, समुद्राची आहे. पश्चिमेचा वारा सुटला, की तो ती परत मागतो."

बासो हसला. "समुद्र तर मांजरासारखा निजलाय."

इंदोने पुन्हा समजावले. तो ऐकेना, तेव्हा ती म्हणाली, "बरं बाबा, बांध. अडचण आली तर आमची दारं तुला माहीत आहेत."

बासोने बंदरातून सुतार आणले. त्यांनी वाळूच्या टोकावर देखणे घर उभे केले. उंच खांब, कोरीव खिडक्या, झावळ्यांचे दाट छप्पर. घर झाले, पण एक गोष्ट बासोला खटकू लागली. रोज पहाटे गावातले कोळी त्याच वाळूवरून होड्या ओढत पलीकडच्या पाण्यात नेत, आणि ओढताना घसा फोडून गात. प्रवाशांची झोपमोड होणार! बासोने जाड बांबूंचे कुंपण घालून ती वाट बंद केली.

माल्ला नावाचा कोळी डोके खाजवत त्याच्याकडे आला.

"दादा, ही आमची होड्यांची वाट आहे."

"नदीकडून वळसा घालून जा," बासो म्हणाला.

माल्ला आल्या पावली परतला. त्या दिवसापासून कोळी वळसा घालून जाऊ लागले.

प्रवासी आले, देखाव्याचे कौतुक करून गेले. बासो खुशीत होता. मात्र संध्याकाळी गावातून हसण्या-खिदळण्याचे आवाज येत, आणि आपल्या सुंदर खिडकीत बसलेल्या बासोला जेवण गोड लागत नसे. का, ते त्याला कळत नव्हते.

मग पश्चिमेचा वारा सुटला.

आभाळ काळवंडले. लाटा वाळूचे लचके तोडू लागल्या. एके सकाळी बासो बघतो तर पुढच्या खांबांखालची वाळू निम्मी गेलेली! सुतार कधीच परतले होते. अशा वाऱ्यात जहाज येणे शक्य नव्हते. त्याची बहुतेक सारी पुंजी त्या घरात होती. पैशाची थैली घेऊन तो इंदोकडे धावला.

"इंदो, घर वाचवा! मागाल ती मजुरी देतो."

इंदोने थैलीकडे पाहिलेसुद्धा नाही. "घर उचलायची मजुरी आमच्यात नसते. मजुरीवर आलेला माणूस दमला, की ओझं खाली ठेवतो. हे ओझं मध्येच ठेवता येत नाही."

"घर उचलायचं? अख्खं?"

"अख्खं! अगदी चुलीसकट. पण त्यासाठी घरोघर जाऊन बोलावणं करावं लागतं. ज्याचं घर, त्यानेच."

बासो निघाला. माल्लाच्या शिडीपाशी आल्यावर त्याचे पाय अडखळले. खालूनच तो म्हणाला, "माल्ला, मी तुमची वाट अडवली. चुकलो. आधी ते कुंपण काढतो, मग तुला बोलवायला येतो."

माल्लाने वरून डोकावून पाहिले. "दादा, खाली उभं राहून कुणी बोलावणं करतं का? वर ये आधी!"

माल्लाच्या बायकोने केळीच्या पानात शिजवलेला गोड भात त्याच्यापुढे ठेवला. तो खाल्ल्याशिवाय तिने त्याला बोलूच दिले नाही. पुढच्या घरी भाजलेला मासा आला. त्याच्या पुढच्या घरी शहाळे. कुणी नवी होडी दाखवली, कुणी नुकतेच जन्मलेले बाळ मांडीवर दिले. शेवटच्या शिडीवरून उतरताना बासोला पोटामुळे वाकता येईना, आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणाने हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव वाळूवर जमले. कुंपणाचे बांबू उपटून घराच्या खाली आडवेउभे बांधले गेले. बायकांनी काठावर मोठमोठी भांडी चुलीवर चढवली. एक कोंबडी घरात अंड्यांवर बसली होती, ती काही केल्या बाहेर येईना. "राहू दे तिला," इंदो म्हणाली. "ती पाहुणी."

बासोने बांबूला खांदा लावला. शेजारी माल्ला होता.

इंदो पुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "उचला!"

एकाच वेळी सगळ्यांच्या छातीतून हुंकार निघाला आणि घर जमिनीवरून सुटले! आत भांडी खडखडली, कोंबडी ओरडली, लोक हसले. माल्लाने गाणे धरले. तेच पहाटेचे गाणे. बासोला शब्द येत नव्हते, तरी तो बेंबीच्या देठापासून गाऊ लागला. वारा कानात शीळ घालत होता, पायाखालची वाळू सरकत होती, आणि शेकडो पायांचे ते घर डुलत डुलत वाळूवरून, नदीकाठाने, नारळींमधून गावामागच्या उंचवट्यावर चालले होते. खांदे सोलवटले, पण कुणी थांबले नाही. बासोही थांबला नाही.

घर उंचवट्यावर टेकले, तेव्हा पाऊस कोसळू लागला. भिजलेल्या माणसांनी घराखालीच पंगत मांडली. बासोने स्वतः सगळ्यांना वाढले, प्रत्येकाला नावाने हाक मारून.

थोड्याच दिवसांत समुद्राने ती वाळूची जीभ गिळून टाकली.

नव्या जागेवरून समुद्र झाडांच्या फटींतून जेमतेम दिसे. बासोला त्याचे काही वाटले नाही. उरलेल्या पैशातून त्याने गावकऱ्यांबरोबर एक मोठी होडी बांधली. तिच्यातून त्याची लवंग आणि गावाचे सुके मासे एकत्र बंदरात जाऊ लागले, आणि परतताना प्रवासी येऊ लागले. ते आता नुसते देखावा बघून जात नसत. बासो त्यांना घरोघर जेवायला नेई, आणि जाताना त्यांचा पाय निघत नसे.

पुढे माल्लाच्या लेकीचे लग्न ठरले आणि तिचे नवे घर नदीकाठावरून गावात आणायचे झाले. माल्ला बोलावणे करायला निघाला. तो शिडी चढायच्या आतच बासो खांद्यावर पंचा टाकून खाली उतरला होता.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, जिथे राहायचे, तिथे पैसा गुंतवण्याआधी जीव गुंतवावा.