चाळिसाव्या दिवसाचा ठसका

“मोडलं का?”

सुपडूने पाटीवर एवढंच लिहिलं आणि पाटी येमूमायपुढे धरली. मिशीला सातूचं पीठ, डोळ्यांत पाणी.

मठीची ती म्हातारी गुरू पाटीकडे बघत राहिली. निंबाचा मोहोर गळत होता. तिच्या पांढऱ्या केसांत, मांडीवर, तांब्यात…

प्रश्न साधा नव्हता. सुपडूच्या मौनाचा आज चाळिसावा दिवस. गिरणेकाठच्या या मठीत तो तोंड मिटून बसलाय, हे तीन गावांत माहीत झालं होतं. खरं म्हणजे बसायच्या आदल्या दिवशी त्यानेच घरोघर जाऊन सांगितलं होतं. बायको म्हणालीही होती, बसा खुशाल, तेवढाच आमच्या कानांना विसावा.

उद्या मौन सुटायचं. सगळा गाव त्याचा पहिला शब्द ऐकायला यायचा. तो शब्दही त्याने आठ दिवस मनात घोळवून ठेवला होता. चांगला जड, लांबलचक.

आणि आज न्याहारीला त्याने सातूच्या कोरड्या पिठाचा बकाणा भरला, नि चिमूटभर पीठ पोटाची वाट सोडून वाऱ्याच्या वाटेला लागलं.

आवाज होऊ नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. छातीने आपण होऊन वारा आत ओढला, गळा मिटला, चेहरा जांभळा पडला. शेवटी मायने उठून त्याचे हात ओढून काढले. असा ठसका उठला, की पल्याडच्या काठावरचे बगळे उडाले.

आता एवढं एकच कळायला हवं होतं. मोडलं का?

मायने तांब्या पुढे केला.

“घोट घे.”

त्याने घेतला.

“आता दुसरा घे. गिळता गिळता श्वास घेऊन दाखव.”

सुपडूने करून पाहिलं. घोट घशाशी आला की श्वास आपला थांबायचा. आतून कुणी अलगद झाकण टाकावं तसा. घोट उतरला की झाकण उघडायचं. तीनदा केलं. तांब्या अर्धा झाला.

“कोण थांबवतं रे?”

त्याने पाटी पुसली. पेन्सिल उचलली. मग लिहिलं : मी नाही.

“आणि मघाशी खोकलं कोण?”

तो पुन्हा पाटी पुसायला गेला. मायने त्याचं मनगट धरलं आणि आपलं बोट त्याच दोन शब्दांवर ठेवलं.

…

नदीवरून वारा आला. पाटीवर चार फुलं पडली. झोपलेल्या माणसाचा ऐकू यावा तसा सुपडूला आपलाच श्वास ऐकू येऊ लागला. आत येत होता, बाहेर जात होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात घशात उरलेलं पीठ पुन्हा खवखवलं. ठसका आला. या वेळी हात तोंडाकडे गेले नाहीत.

लेकराला थापटावं तशी माय त्याच्या टाळूवर थापटू लागली.

“वर बघ, वर बघ. राघू बघ.”

सुपडूने मान वर केली. ठसका मोकळा होऊन निघून गेला. फांद्यांच्या फटींतून आभाळ दिसत होतं, निळं, ओलसर. त्यातून फुलं खाली येत होती, अगदी सावकाश, जशी काही पोचायची घाईच नाही. असं वर बघायला कुणी लावलं होतं, त्याला किती वर्षं झाली असतील? आई होती तेव्हा…

तो एकेक फांदी शोधू लागला. मांडीवरची पाटी घसरून मातीत पडली. त्याला कळलंही नाही.

“कुठाय राघू?” सुपडू म्हणाला.

“आत्ताच उडाला,” माय म्हणाली.