नव्या हृदयाची चौकशी

फार पूर्वी, म्हणजे हृदये बदलता येऊ लागली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, एका देहात एक पांढरी पेशी पहाऱ्यावर होती. तिला सगळे हवालदारीणबाई म्हणत. कोणी नवा दिसला की बाई विचारीत, “कुणाकडचे?” उत्तर पटले नाही, तर त्याचा निकाल लावीत.

एके दिवशी जुने हृदय गेले आणि त्याच्या जागी नवे आले.

“कुणाकडचे?”

“ज्यांच्याकडून आलो, ते आता नाहीत,” हृदय चाचरत म्हणाले.

“म्हणजे आमचे नाही.” बाईंनी शस्त्रे घडवण्याचा लेखी हुकूम कारखान्याकडे धाडला. पण वाटेत मायक्रोआरएनए नावाचे एक चिठोरे त्या हुकुमाच्या ओळींवर जाऊन चिकटले, आणि कारखान्याला अक्षर लागेना.

बाई तरातरा आल्या. “नखाएवढं चिठोरं, आणि माझा हुकूम अडवतंस?”

“बाई, सकाळपासून तुमच्या शंभर फेऱ्या झाल्या. त्या काय पायी मारल्यात?”

बाई रक्ताबरोबर वाहत आल्या होत्या, आणि रक्त ढकलत होते ते नवे हृदय. ते मारले असते, तर पुढची फेरी बाईंनाही मिळाली नसती.

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि हुकूम मागे घेतला. मात्र नियम तो नियम, म्हणून हृदयाच्या नावापुढे शेरा मारला, ‘चौकशी चालू आहे.’

ती अजून चालूच आहे. चौकशी संपण्याचे चिन्ह नसल्यामुळे देहाची प्रकृती उत्तम आहे.