हाकेला वळणारे उकंडे

"नाव बदललं आणि त्याला काही झालं तर?"

बाईजींना हे विचारताना मी आवाज शक्य तितका शास्त्रीय ठेवला होता. या प्रश्नानं आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. सोमवारी मुलाचं नाव शाळेत घालायचं होतं. कोणतं घालायचं, ते ठरत नव्हतं.

बाईजी म्हणजे माझ्या सासरच्या गावातल्या महानुभाव आश्रमातल्या सर्वांत वृद्ध तपस्विनी. त्या ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आत्ता काय नाव हाये पोट्ट्याचं?"

"उकंडा."

सुपातला हात थांबला.

"अमरावतीत राहतेस नं तू?"

"हो."

"शिकलेली?"

"एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. कॉलेजात शिकवते."

"अन् पोट्टं उकंडा?"

मी मान खाली घातली. मग, वर्गात अडचणीचा प्रश्न आला की जे करते तेच केलं. व्याख्यान सुरू केलं.

उकंडा म्हणजे उकिरडा, मी त्यांना सांगितलं. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथलं नवं मूल उकिरड्यावर ठेवत. शेजारीण ते उचलून आणे आणि 'मला सापडलं' म्हणत आईला देई. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी लोकसमजूत. त्यातून हे नाव आलं. पूर्वी वऱ्हाडात ते घरोघर होतं, आता दुर्मीळ झालंय...

बाईजी शांतपणे ऐकत होत्या. वऱ्हाडात जन्मून, वऱ्हाडात म्हाताऱ्या झालेल्या बाईला मी वऱ्हाड समजावून सांगत होते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"सांगितलंस छान," त्या म्हणाल्या. "आता तुहं सांग."

माझं सांगण्यासारखं थोडंच होतं. पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरी मुलगी काही दिवस काचेच्या पेटीत होती. मग पेटी रिकामी झाली. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, आता माझं ऐक. मी ऐकलं.

उकंड्यावर आधी प्लास्टिक अंथरलं. त्यावर उकळत्या पाण्यातून काढून इस्त्री केलेली चादर. त्यावर जंतुनाशकानं पुसलेलं सूप, आणि सुपात बाळ. मरणाला फसवायचं होतं. जंतूंना फसवता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

बाईजींना हसू आवरलं नाही. सुपातली तूर हलली.

"शेजारणीनं उचललं?"

"उचललं. म्हणाली, कोणाचं व हे पोट्टं? मी म्हणायचं होतं, आमचं नाही, पण असू दे."

"म्हटलंस?"

"असू दे एवढंच म्हटलं... आधीचं तोंडातून निघेना."

अंगणात मुलगा कडुनिंबाखाली काडीनं मुंग्यांची रांग वळवत होता. चार वर्षांचा. गुडघे फुटलेले, तब्येत ठणठणीत.

"नवरा काय म्हन्ते?"

"हर्षल म्हणतो, वर्गात उकंडा अशी हजेरी घेतली तर पोरगं मोठेपणी आपल्याला माफ करणार नाही. सासूबाई म्हणतात, नाव पुसलं की ओळख पटते."

"कोनाले पटते?"

"ते त्या बोलत नाहीत."

"अन् तू?"

"माझा विश्वास नाही या सगळ्यावर."

"मंग बदल."

"...धीर होत नाही."

बाईजींनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

शेवटी मीच न राहवून विचारलं, "बाईजी, पूर्वी हे नाव एवढं चालायचं?"

"चालत नव्हतं. लागत होतं."

"आणि आता?"

"नर्सबाई आली, सुया आल्या, गोवर गेला. आता लागत नाई."

हे तर मीही वर्गात शिकवते. पण वर्गात माझं पोरगं नसतं.

"पण बाईजी, ज्यांना ठेवलं, ते जगले का? मला तेवढंच कळायला हवं."

एवढंच मला खरंच हवं होतं. बाकी सगळं व्याख्यान त्याच्यावरचं वेष्टन.

बाईजी ओट्याच्या खांबाला धरून उठल्या. आश्रमाच्या फाटकासमोर पार होता. दुपारचं जेवण उरकून गावातली म्हातारी माणसं तिथं बसली होती. बाईजींनी तोंडाशी हात नेला आणि त्या वयात कुठून आणला कोण जाणे, असा आवाज काढला.

"उकंडाऽऽ!"

पारावर तीन डोकी वळली. एक टोपीचं, एक टकलाचं, एक फेट्याचं.

"कोनता उकंडा, बाईजी?" टोपीवाले ओरडले. "लंगडा का बहिरा?"

"बहिरा मी हावो," फेटेवाले म्हणाले. "मले बरोबर आलं ऐकू. तुलेच उशीर लागला."

"जेवन वाढलं का परत?" टकलावरून हात फिरवत तिसरे उठूच लागले.

"बस तिथंच! आत्ता तं चार भाकरी हानल्या," बाईजी म्हणाल्या.

एवढ्यात चौथं उत्तर आलं. काडी हातात घेऊन माझं पोरगं धावत आलं.

"काय?"

मी त्याला ओढून मांडीवर घेतलं. त्याचा घामट वास माझ्या नाकात शिरला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीन आजोबा. एकेकाचं वय ऐंशीच्या घरात. धडधाकट, भांडखोर, भूक शाबूत. नाव ठेवलं, आणि जगले! पुरावा समोर पारावर बसून तंबाखू मळत होता.

"बघा बाईजी," मी म्हणाले. माझ्या आवाजात विजय होता, तो मलाही ऐकू आला. "सगळेच्या सगळे वळले."

"हाओ."

"म्हणजे काहीतरी असेलच ना या नावात?"

"असंन." बाईजी पुन्हा ओट्यावर बसल्या. सूप मांडीवर घेतलं. "माहा पाठचा भाऊ होता. त्याचंबी नाव उकंडाच."

"हो?"

"उकंड्यावर म्याच ठुलं होतं त्याले. मायच्या अंगात तरान नव्हतं."

"मग?"

"हाक तं त्यालेबी गेली नं आत्ता. वळला का?"

मी पाराकडे पाहिलं. तीन डोकी. आता ती पुन्हा आपापल्या गप्पांत बुडाली होती. मला त्यांच्या आजूबाजूची रिकामी जागा दिसू लागली. पार मोठा होता.

हीच चूक दरवर्षी विद्यार्थी करतात. बशीत वाढलेले जंतू मोजतात आणि मेलेल्यांना हिशेबातच धरत नाहीत. मी लाल शाईनं गोल काढते आणि गुण कापते.

"मग नावानं काहीच होत नाही," मी हळूच म्हणाले.

बाईजी तूर निवडत राहिल्या.

"ठीक आहे. मग बदलतेच. नवं नाव मी शोधूनच ठेवलंय." माझा आत्मविश्वास परत येत होता, तो नेहमी असाच येतो, जरा लवकरच. "फार वेगळं आहे. त्याच्या वर्गात काय, अख्ख्या शाळेत दुसरा नसेल."

"काय?"

"चिरंतन."

"म्हंजे?"

"म्हणजे कायम राहणारा. कधीच न संपणा..."

वाक्य संपायच्या आत मला ऐकू आलं, मी काय बोलतेय ते.

बाईजींनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडताहेत की काय म्हणून मी घाबरले. त्या हसत होत्या.

"अव माय... तूबी उकंडाच ठेवलं की!"

मांडीवरचं पोरगंही हसायला लागलं. त्याला कारण लागत नाही.

"सासूनं त्याले चकवलं," डोळे पुसत बाईजी म्हणाल्या. "तू त्याले दम देतेस."

'कोणाला' असं मला विचारावं लागलं नाही.

पारावर कोणीतरी खोकलं. मुलगा माझ्या बांगड्या वर-खाली करत होता. हे नाव शोधायला मी किती पुस्तकं, किती याद्या पालथ्या घातल्या होत्या. त्याचा अर्थ, त्याचं मूळ, ते किती जणांचं आहे, सगळं तपासलं होतं. अक्षय नको म्हटलं होतं, फार जणांचं आहे. अमर तर जुनाटच. चिरंजीव, आयुष्मान... यादीत खुणा केलेली सगळी नावं एकामागून एक आठवली. एकाही नावात मरण नव्हतं. सगळ्या नावांत तेच होतं.

"मग ठेवू तरी काय?" मी विचारलं. मला खरोखर रडू येत होतं. "तुम्हीच सांगा. सासूबाई म्हणाल्या, बाईजी सांगतील ते."

"म्या कायले सांगू? पोट्टं तुहं."

"पण..."

"नाव कायले असते, पोरी?"

मी विचार करू लागले. ओळख, परंपरा, संस्कृती. बाईजींनी हात वर करून मला थांबवलं. पुन्हा व्याख्यान येतंय, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

"सोपं सांग."

"...हाक मारायला."

"मंग मार."

"कोणत्या नावानं?"

"आवडलं होतं नं एक तुले? त्या."

हे नाव मी त्याला कधीच म्हटलं नव्हतं. हर्षलशी बोलतानासुद्धा 'ते दुसरं' असंच म्हणायचे. मी मुलाच्या केसांकडे पाहिलं.

"चिरंतन," मी म्हणाले.

"हे तं मलेबी नाई आलं ऐकू."

"चिरंतन."

"पोरी," बाईजी म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. "ज्याले भेतेस, त्याले ऐकू जाईन अशी मार."

मी डोळे मिटले. छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"चिरंतनऽऽ!"

कडुनिंबावरचे पक्षी फडफडून उडाले. पारावरची तिन्ही डोकी वळली, फेट्याचंसुद्धा. माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि विरला. मग अंगणात काहीच ऐकू येईना.

मी डोळे उघडले. मांडीवरच्या पोरानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते, आणि तो मान वर करून माझ्याकडे पाहत होता.

"आई, मी इथंच आहे नं," तो म्हणाला. "एवढ्यानं काऊन ओरडते?"