एकोणीस नंबरची खुंटी

"पण मधल्या रिकाम्या जागा ठेवायच्या कशासाठी, आक्का?"

आक्का सुतळी वळत होती. तिनं मान वर केली नाही.

पुष्करनं पुन्हा विचारलं. त्याला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती.

संगमावरच्या त्या गोसाव्यांच्या मठात एक लांबट खोली आहे. भिंतीला साठ लाकडी खुंट्या, आणि प्रत्येकीखाली गेरूनं काढलेला आकडा. खाली घाटावर दहन झालं, की ज्यांना लगेच अस्थी सोडवत नाहीत ते गाडगं फडक्यात बांधून इथं टांगून जातात. कुणाचा परगावचा मुलगा यायचा असतो, कुणाच्या घरात भांडण असतं, कुणाचा नुसताच जीव होत नाही.

गाडग्यावर नाव लिहायचं नाही, हा मठाचा रिवाज. घरच्यांनी खुंटीच्या आकड्याची चिठ्ठी न्यायची. आकड्यापुढचं नाव, मठ सांभाळणाऱ्या आक्काच्या वहीत.

गाडगं नेलं, की आक्का वहीतली ती ओळ खोडायची. खोडलेली ओळ तशीच राहायची. वर्षभर त्या जागी कुणाला लिहायचं नाही.

पुष्कर लिमये पुण्याहून आला होता. चांगली नोकरी सोडून, ब्रह्म म्हणजे काय ते एकदा समजून घ्यायला. सोबत लॅपटॉप आणि ग्रंथांची थैली. आक्कानं त्याला उपदेश केला नाही, खुंट्या पुसायला लावल्या. आठ दिवस पुसल्यावर त्याला त्या वहीची कीव आली, आणि त्यानं पीएचपी या संगणकाच्या भाषेत मठाचं एक पान बांधलं. नाव टाका, खुंटी कळेल.

"हे बघा," त्यानं लॅपटॉप तिच्यासमोर फिरवला. "याला अॅरे म्हणतात. तुमची भिंतच समजा. प्रत्येक नावाला एक की असते, म्हणजे तुमचा खुंटीचा आकडा. गाडगं गेलं की मी ती की उडवतो. नाव जातं, पण पुढच्यांचे आकडे जिथल्या तिथं राहतात. मध्ये भोकं पडतात. माझा प्रोग्राम एक, दोन, तीन असा मोजत निघाला, की भोकात जाऊन आपटतो."

"त्यो आपटतो. भिंतीचं काय बिघडलं?"

पुष्कर हसला.

"म्हणून काल एक हुकूम सोडला. एकच ओळ. जुन्या कीज फेकायच्या, नावं तेवढी घ्यायची, आणि सलग नवे आकडे घालायचे. आता सदतीस नावं आहेत, एक ते सदतीस. मध्ये एक भोक नाही."

आक्काचे हात थांबले.

"फेकल्यास?"

"जुन्या ना? हो. काय करायच्या होत्या?"

आक्कानं सुतळी खाली ठेवली.

"आणि फायदा बघा. सकाळी तुम्ही दूध आणायला गेलात, तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक म्हणू नगंस."

"बरं. एक बाई आल्या. सगुणाबाई. नवऱ्याच्या अस्थी न्यायला. त्यांची चिठ्ठी धुण्यात गेलेली. तुमच्या वहीत शोधत बसलो असतो तर दुपार झाली असती. मी नाव टाकलं, तायाप्पा. खुंटी एकोणीस. काढून दिलं. एक मिनिट लागलं, आक्का!"

"आकडं बदललंस." आक्का सावकाश म्हणाली. "गाडगी हलिवलीस?"

"गाडगी कशाला हलवू? गाडगी आहेत तिथंच..."

पुष्कर बोलता बोलता थांबला.

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखी. खोलीत गेली. तो मागोमाग गेला.

एकोणीस नंबरची खुंटी रिकामी होती.

आक्कानं वही उघडली नाही. ती सव्वीस नंबरपाशी जाऊन उभी राहिली. तिथं एक गाडगं होतं, काळपट फडक्यातलं.

"ह्यो तायाप्पा."

पुष्करनं रिकाम्या खुंटीकडे वळून पाहिलं.

"मग मी त्या बाईंना कुणाचं..."

"कारखान्यावरच्या मास्तराची पोर. सतरा वर्साची. बाप दर अमावास्येला येतो. खुंटीला हात लावतो आन् माघारी जातो. न्यायचा धीर हुईना त्याला."

बाहेर नदीचा आवाज येत होता.

पुष्करनं खांदे सरळ केले. पुस्तकं वाचलेला माणूस होता तो, अडचणीत त्याला वाचलेलंच आठवायचं.

"आक्का, तसं बघितलं तर... राखच ना शेवटी? नाव काय, रूप काय, सगळा भास. सगळं एकच. तुम्हीच परवा..."

"मी न्हाई म्हटलं. तू म्हटलंस. मी तवा भाकरी थापत हुते."

"पण खोटं आहे का ते? आणि आता जाऊन सांगितलं तर त्या बाईला उगाच दुःख. नाही सांगितलं तर तिला कधी कळणारही नाही. मास्तरांनाही नाही. त्या खुंटीवर आपण दुसरं..."

तो पुढचं बोलला नाही. बोलायला लाज वाटली असावी.

आक्का रागावली नाही. तिनं सव्वीसवरचं गाडगं उतरवलं आणि त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"एकच हाय न्हवं सगळं?"

पुष्करनं गाडगं छातीशी धरलं.

"मग जा घाटावर. हेच तिला सांग. पाण्यात सोडायच्या आत सांग."

घाटाला एकशे आठ पायऱ्या. पुष्कर उतरताना मोजत नव्हता. तो वाक्य जुळवत होता. मावशी, वियोग हा भास आहे. मावशी, तत्त्वतः पाहिलं तर. प्रत्येक पायरीला एक शब्द गळत गेला.

सगुणाबाई अजून तिथंच होती. जावई गुरुजींना आणायला गेला होता, आणि गुरुजी नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कुणाच्या श्राद्धाला अडकले होते. ती शेवटच्या पायरीवर बसली होती, गाडगं मांडीवर घेऊन, त्याच्यावर पदर धरून. काहीतरी पुटपुटत होती.

पुष्कर समोर जाऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"मावशी, ते तुमचं नाही."

"काय माजं न्हाई?"

"गाडगं. माझी चूक झाली. मी दुसरं दिलं. तुमचे हे."

तिनं त्याच्या हातातल्या गाडग्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या.

"मग ह्ये कोन?"

"एक मुलगी आहे. सतरा वर्षांची."

सगुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बया! आन् मी तासभर हिला शिव्या घालत बसलीया! त्याच्या दारूवरनं. त्याच्या भावाला पाटाखालचं रान दिलं त्यावरनं. समदं काडलं, काय ठिवलं न्हाई पोटात. त्या लेकरानं माजं काय घोडं मारलं हुतं रं?"

पुष्करनं हातातलं गाडगं तिच्याशेजारी पायरीवर ठेवलं.

तिनं मांडीवरचं गाडगं पदरानं पुसलं. हळूहळू, सगळीकडून. तोंड त्याच्याजवळ नेऊन म्हणाली, "चुकलं गं, बाई. तुज्यासाटी न्हवतं त्ये." आणि ते पुष्करच्या हातात दिलं, झोपलेलं मूल द्यावं तसं, खालून हात लावून.

मग तिनं दुसरं गाडगं आपल्यापुढं ठेवलं, पदर खोचला, आणि त्याच्यावर नजर रोखली.

"आन् तू! वर गार सावलीला लोंबकळत हुतास व्हय? आयुष्यभर असाच लपलास. आता ऐक पयल्यापासनं."

पुष्कर वर आला. एकोणीस नंबरच्या खुंटीवर गाडगं टांगलं. गाठ दोनदा तपासली.

फेकलेले आकडे यंत्रातून परत येणार नव्हते, ते त्यानं कुठं जपूनच ठेवले नव्हते. त्यानं आक्काकडे वही मागितली. खाली बसून मागितली. तिनं दिली. दुपार टळेपर्यंत तो एकेका नावापुढं त्याचा त्याचा आकडा घालत बसला. प्रोग्रामचं मोजणंही त्यानं काढून टाकलं. आता प्रोग्राम जी नावं आहेत त्यांच्याकडेच जायचा, आणि प्रत्येकाला त्याचाच आकडा विचारायचा. मधल्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या.

आक्का सुतळी वळत होती.

"आक्का, एक विचारू?"

"इचार."

"मग सगळं एकच आहे, हे खोटं?"

आक्कानं सुतळीला पीळ दिला. दातांत धरून टोक तोडलं.

"खोटं न्हाई," ती म्हणाली. "पन ते राखंनं म्हनायचं."