चिमाआत्याची मूठ

वाघळुंब्याला गाडीवाटसुद्धा नव्हती, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बसा निवांत, ऐका. तिथं घरोघरच्या परसात काळ्या डोळ्याचा पावटा व्हायचा. घटस्थापनेला बी टोकायचं, आणि थंडीभर भाकरीबरोबर तेच कालवण. त्या वाणाचा दाणा दुसऱ्या कुठल्या गावात मिळत नसे, असं म्हणतात.

आता माणसाची खोड बघा. वेलाला आलेल्या पहिल्या, टपोऱ्या शेंगा सगळे खाऊन टाकायचे, आणि शेवटच्या किडक्यामिडक्या बियाण्याला ठेवायचे. चिमाआत्या तेवढी उलट्या चालीची. पहिल्या शेंगा ती वेलावरच वाळवायची.

शेजारची बयजाकाकू कुंपणावरून म्हणायची, "चिमे, जावई आला तर काय देठं वाढशील?"

"देठं गोड लागतात म्हणावं," आत्या हसायची.

दरवर्षी दाणा बारीक होत गेला. एका वर्षी तर नवरात्र सरलं, दिवाळी आली, तरी एकाही परसात कोंब दिसेना. लोक माती उकरून बघायचे, हाताला नुसती पोकळ टरफलं लागायची. आत्याच्या गाडग्यातही भुंगे शिरले होते. पाच दाणे धड निघाले, ते तिनं पुन्हा टोकले, त्यातला एक उगवला. सगळ्या गावाचा पावटा आता त्या एका वेलावर!

रोज सकाळी गाव कुंपणाशी जमायचं. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी बाकीचे डोळे वटारायचे. पौषात नऊ शेंगा भरल्या, हिरव्यागार. वाळायला अजून बरेच दिवस होते, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं. वारा असा सुटला की मांडवाची मेढ कडाडली आणि वेलाच्या बुंध्याला चीर गेली.

आत्यानं धावत जाऊन ती चीर मुठीत धरली.

नवी मेढ आली, ओल्या फडक्याची पट्टी आली. पण मूठ जरा सैल झाली की पानं माना टाकायची. पुन्हा घट्ट धरली की उचलायची. मग आत्या उठलीच नाही. कुणी म्हणतं सात दिवस, कुणी म्हणतं एकवीस. मी आपले मधले अकरा धरतो. वेलाचा शेंडा तिच्या दंडावरून चढून खांद्याला वेटोळं घालून बसला, असं म्हणतात.

बयजाकाकू घास भरवायला यायची. "हात काळा पडलाय गं. सोड आता."

"शेंग वाजली का?"

"नाही अजून."

"मग विचारू नकोस."

अकराव्या दिवशी, उन्हं कलताना, वाऱ्याची झुळूक आली आणि शेंगांत दाणे खुळखुळले. बयजाकाकू रडतच ओरडली, "वाजली गं, चिमे, वाजली!" आत्यानं हात काढला. त्याच क्षणी वेल आडवा झाला. नऊ शेंगांतून निघालेले दाणे घरागणिक एक, असे बरोबर पुरले, असं म्हणतात. आत्याची मूठ मात्र पुन्हा कधी पुरती उघडली नाही.

आज वाघळुंब्यात पहिल्या शेंगेला कुणी बोट लावत नाही. पावट्याचं बी द्यायला तिथं माप नाही. देणारा मिटल्या मुठीनं देतो, घेणाराही मूठ मिटूनच निघतो. वाटेत कुणी रामराम घातला तर तो मान हलवतो, पण हात जोडत नाही. त्याबद्दल त्या गावात कुणाला राग येत नाही.