भुकेची गोणी

एका राज्यात सुरंगा नावाची एक चितारीण राहत होती. तिच्या चित्रांत मोर नसत, कमळं नसत. उलट्या पायांची हडळ बाजारातून मेथीची जुडी आणते आहे, वेताळाला सर्दी झाली आहे आणि त्याची आई त्याच्या कपाळाला सुंठ उगाळून लावते आहे, अशी तिची चित्रं. बघणाऱ्याला आधी हसू येई, मग अंगावर काटा येई. लोक विचारत, "बाई, हे तुला सुचतं तरी कुठून?"

"पोरीला भरवताना," सुरंगा म्हणे.

लोकांना वाटे, बाई थट्टा करते. थट्टा कसली डोंबलाची! तिची लेक बकुळा गोष्टीवाचून तोंडच उघडत नसे. घासागणिक एक प्रश्न. वेताळ शिंकतो का गं? हडळीला भाजी कोण निवडून देतं? सुरंगेच्या एका हातात भात आणि दुसऱ्या हातात कुंचला. एकदा कुंचला आमटीत बुडाला आणि वेताळाचं नाक पिवळं झालं, तर दरबारात त्या नाकाचीच वाहवा झाली. नवरा राजाच्या फौजेबरोबर दूर सीमेवर. घर, पोर, रंग, सगळं हिच्याच डोक्यावर. सुरंगा दमली होती. झोपून उतरावं असलं ते दमणंच नव्हतं.

आणि काय सांगावं, एके दिवशी राज्यातल्या साऱ्या लेकरांनी तोंडं मिटली. ताप नाही, दुखणं नाही, रडणं नाही. भूकच नाही! राजपुत्र जेवेना, कोतवालाची पोरं जेवेनात, बकुळाही जेवेना. तिचे गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. ती प्रश्नही विचारेना. सुरंगेचे रंग वाटीतच वाळून गेले.

राजानं तिला दरबारात बोलावलं. शेजारी मांत्रिक कालकंठ उभा होता.

मांत्रिक म्हणाला, "हे बागुलबुवाचं काम. त्याचं हुबेहूब चित्र काढ. मी ते जाळीन, म्हणजे तो जळेल आणि लेकरं जेवतील."

"त्याला पाहिलंय कुणी, महाराज?"

"पाहिलेलं नाही," राजा म्हणाला, "पण बोलावलंय सगळ्यांनीच."

सुरंगेनं पहिलं चित्र काढलं, त्याला शिंगं आणि सुळे दिले. मांत्रिकानं ते जाळलं. काही झालं नाही. दुसरं काढलं, त्याला तोंडच दिलं नाही, नुसता अंधार रंगवला. मांत्रिकानं तेही जाळलं. दरबारभर धूर झाला आणि राजाला ठसका लागला, एवढंच.

तिसऱ्या वेळी पाटावर कोरा कागद होता आणि मांडीवर बकुळा, कापसासारखी हलकी. भर दुपार होती. सकाळी केलेला मऊ भात चुलीपाशी तसाच पडला होता. आता ही पोर हातची जाते, असं सुरंगेच्या मनात आलं. ती म्हणाली, "ये रे बागुलबुवा. ये बाबा एकदाचा."

आजवर तिनं त्याला पोरीला भिववायला बोलावलं होतं. आज खरोखर बोलावलं, आणि तो आला.

चौकट लागू नये म्हणून वाकून दारात उभा राहिला. खांद्यावर गोणी, पायांना भेगा. गोणीवर एका बाजूला कावळा, दुसऱ्या बाजूला चिमणी.

"का बोलावलंस, बाई?"

"तुझं चित्र काढायचंय."

"काढ. उभाच काढ. मला कुणी बस म्हणत नाही."

सुरंगा काढू लागली. पाठीचा बाक, पायांच्या भेगा, सगळं उतरलं. डोळ्यांपाशी आली आणि तिचा कुंचला थांबला. डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं तिनं कुठंतरी पाहिली होती. रोज आरशात पाहिली होती.

"दमलास का रे?" तिनं विचारलं.

बागुलबुवा म्हणाला, "दर घरी, दर जेवणाला मला हाक. धावत जावं, तर पोरानं घास गिळलेला असतो आणि आई म्हणते, गेला हो गेला! उपाशी यायचं आणि उपाशीच परतायचं."

"आणि माझं?" कावळा ओरडला. "हा घास काऊचा म्हणता, आणि घालता कुणाच्या तोंडात?"

"हा घास चिऊचा!" चिमणी फणकारली. "पिढ्यान्‌पिढ्या तोंडाला पानं पुसलीत आमच्या."

"म्हणून आम्ही पोरांची भूक या गोणीत भरली," बागुलबुवा म्हणाला. "ज्याच्या नावाचा घास त्याला द्या. गाठ आपोआप सुटेल."

चित्र पुरं व्हायला एकच रेघ उरली होती. असं चित्र तिच्या हातून पूर्वी कधी उतरलं नव्हतं. पण ते जाळलं तर हा जळेल, गोणी जळेल आणि पोरांची भूकही जळेल. सुरंगेनं कुंचला खाली ठेवला आणि भाताचं पातेलं ओढलं.

"हा घास काऊचा," ती म्हणाली, आणि सवयीनं हात बकुळेच्या तोंडाकडे वळला. अरे देवा! तिनं तो मागे घेतला. घास कावळ्यानं खाल्ला. दुसरा चिमणीनं टिपला. मग तिनं पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली आणि म्हणाली, "बसा. सावकाश जेवा."

बागुलबुवा पाटावर बसला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून टिपं गळली.

पण गाठ काही सुटेना.

"आता काय राहिलं?" सुरंगा रडकुंडीला आली.

"अजून एकाचा घास राहिलाय," बागुलबुवा म्हणाला. "कुणाचा, ते आम्हांला सांगायची मुभा नाही. भरवणाऱ्या बाईला तो कधी आठवत नाही."

सुरंगेनं मांजर आठवलं, गाय आठवली, सीमेवरचा नवरा आठवला. गाठ जागची हलेना. बकुळा मात्र सगळं बघत होती. ती भिंतीला धरून उठली, पातेल्यात उरलेल्या भाताचा एक घास बोटांनी घेतला आणि हात वर केला. हात पुरेना.

"वाक ना गं," ती म्हणाली. "हा घास आईचा."

सुरंगा वाकली. घास तोंडात गेला आणि गाठ सुटली.

गोणीतून भुका भराभर बाहेर पडल्या आणि घराघरांवरून उडत गेल्या. गल्लीत एकच ओरडा झाला, आई, वाढ! राजवाड्यात राजपुत्रानं ताट वाजवलं. बकुळेनं पातेलं पुढ्यात ओढलं. सगळ्यात शेवटी गोणीच्या तळातून एक जुनी, चुरगळलेली भूक निघाली आणि तिथंच घुटमळत राहिली.

"ही कुणाची गं?" बकुळेनं विचारलं.

सुरंगेनं ती ओळखली. "माझी," ती म्हणाली. आपण नुसत्या दमलो आहोत, असं तिला इतके दिवस वाटत होतं. मायलेकी एकाच पातेल्यात जेवल्या.

दरबारात तिनं नवं चित्र काढून नेलं. चित्रात बागुलबुवा पाटावर बसून जेवत होता. मांत्रिकानं मशाल उचलली.

"खाली ठेवा ती," राजा म्हणाला. "जेवायला बसलेल्याला जाळत नसतात."

तेव्हापासून त्या राज्यात काऊचा घास काऊला मिळतो, चिऊचा चिऊला. बागुलबुवासाठी पाट मांडून ठेवतात. आणि शेवटचा घास लेकरानं आईला भरवायचा, असा राजाचा हुकूम आहे.

सुरंगेचं दमणं गेलं का? छे! ते कुठं जातंय? दुसऱ्याच दिवशी बकुळेनं विचारलं, "बागुलबुवाला उचकी लागते का गं?" आणि सुरंगेला दोन्ही हात पुन्हा कामाला लावावे लागले. पण आता मध्येच ती थांबते, तोंड उघडते, आणि एक छोटा हात वर येतो.

पातेलं रिकामं झालं, कहाणी पुरी झाली. ज्यानं ऐकली त्यानं हात धुवावेत, आणि घरात कोण जेवायचं राहिलंय ते आधी बघावं.